धर्माच्या नावाचा व्हिसा आणि मजुराची मजुरी



मागच्या महिन्यात एका रविवारी विहारात बुद्धवंदना आटोपली, मुलांना खाऊ वाटून झाला आणि माणसे पांगू लागली. एक बाई मात्र थांबून राहिल्या. आमच्याच वस्तीतल्या. नवरा गेल्यापासून एका दवाखान्यात साफसफाईचे काम करून दोन मुलांना वाढवले. थोरला फरशी बसवायचे काम करतो, हातात चांगली कला आहे. बाईंनी पदराआडून प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि आतला कागद आमच्या हातात दिला.

"भाऊ, पोराला अमेरिकेचं काम लागतंय. एजंट म्हणतो धार्मिक व्हिसा आहे. परीक्षा नको, डिग्री नको. तिथं मोठं देऊळ बांधायचं चाललंय, फरशीचं काम आहे. साडेचार लाख मागतो. वीस हजार दिलेत. पण त्यानं ह्या कागदावर सही मागितलीय."

कागद इंग्रजीत होता. आम्ही वाचला. त्यात लिहिले होते की, हा तरुण गेली दोन वर्षे अमुक पंथाचा अनुयायी असून मंदिरात नियमित सेवा करतो आणि अमेरिकेत तो धर्मसेवेसाठी स्वेच्छेने जात आहे. पोरगा जन्मापासून आपल्या विहारात वाढलेला. पंधरा वर्षांचा असताना त्याने बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या, तेव्हा आम्ही समोर बसलो होतो. एजंट म्हणे, "कागदापुरतं आहे हो, मनात कुठं मानायचंय!"

बाईंनी दोन प्रश्न विचारले. असा व्हिसा खरेच असतो का? आणि कागदापुरती का होईना, अशी सही करावी का? आम्ही त्यांना आठ दिवस मागून घेतले. कायदा जाणणाऱ्या आपल्या एका वकील बांधवाकडे बसलो, वाचले, समजून घेतले. असा कागद उद्या आणखी कुणाच्या घरी येऊ शकतो, म्हणून ते सगळे इथे मांडत आहोत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. असा व्हिसा असतो. अमेरिकेने १९९० च्या इमिग्रेशन कायद्यात धर्मसेवकांसाठी वेगळा तात्पुरता व्हिसा निर्माण केला. त्याला 'आर-१' म्हणतात. ख्रिस्ती पाद्री, ज्यूंचे रब्बी, मशिदीचे इमाम, मंदिराचे पुजारी, गुरुद्वाऱ्यातले ग्रंथी आणि आपले भिक्खू, सगळे याच वाटेने जातात. यात धर्माधर्मात भेद नाही आणि दरवर्षी इतक्याच माणसांना द्यायचा असा आकडाही ठरलेला नाही. परीक्षा नाही, पदवीची सरसकट अट नाही, हे एजंटाचे म्हणणे खरे आहे. लबाड माणूस नेहमी अर्धे खरे सांगतो. उरलेले अर्धे आता पाहू.

हा व्हिसा मागायचा तो आपण नव्हे, तिथल्या संस्थेने. ती संस्था नफा न कमावणारी आणि करमुक्त म्हणून सरकारने मान्य केलेली धार्मिक संस्था असावी लागते. ती 'आय-१२९' नावाचा अर्ज अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडे भरते. पूर्वी माणूस थेट वकिलातीत जाऊन हा व्हिसा मागू शकत होता. खोटी प्रकरणे सापडली, तेव्हा नोव्हेंबर २००८ पासून संस्थेचा अर्ज आधी मंजूर झालाच पाहिजे असा नियम आला. खात्याची माणसे संस्थेच्या जागेवर जाऊन तपासणीही करतात. देऊळ आहे का, भाविक येतात का, ज्याला बोलावले त्याला राहायला जागा आहे का, हे डोळ्यांनी पाहतात. हे सगळे झाल्यावर आपला माणूस मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जातो.

जाणाऱ्याला अटी दोन. अर्ज भरण्याच्या आधीची सलग दोन वर्षे तो त्याच पंथाचा सभासद असला पाहिजे. आणि काम धर्माचे असले पाहिजे, आठवड्याला सरासरी निदान वीस तास. धर्माचे काम म्हणजे काय, हे नियमात लिहिलेले आहे. पूजापाठ, प्रवचन, धर्मशिक्षण, संस्कार यांचे काम करणारा अधिकृत धर्मगुरू चालतो. आयुष्यभराचे व्रत घेतलेले भिक्खू, संन्यासी, जोगिणी चालतात. जे काम त्या धर्मात परंपरेने धर्मकार्य मानले जाते, तेही चालते. पण झाडलोट, देखभाल-दुरुस्ती, कारकुनी, वर्गणी गोळा करणे असले काम मुख्य असेल, तर ते धर्मकार्य धरले जात नाही, असे नियमच सांगतो. मग फरशी बसवणारा कुठे बसतो, हे वाचकांनीच ठरवावे.

मुक्काम किती? पहिल्यांदा जास्तीत जास्त तीस महिने, मग मुदत वाढवून एकूण पाच वर्षे. त्यानंतर देश सोडावा लागतो. पुन्हा याच व्हिसावर यायचे तर पूर्ण एक वर्ष बाहेर काढावे लागे. ती वर्षाची अट अमेरिकी सरकारने जानेवारी २०२६ मध्ये काढून टाकली, पण बाहेर जाऊन नव्याने यावे लागतेच. बायको आणि एकवीस वर्षांखालची मुले बरोबर जाऊ शकतात. मुले शाळेत जाऊ शकतात, पण बायकोला एक पैसाही कमावता येत नाही. धर्मसेवकांना कायमचे राहण्यासाठी वेगळा वर्ग आहे, पण त्याची रांग फार लांब आहे. मार्च २०२३ मध्ये मोजणीची पद्धत बदलल्यावर ती आणखी लांबली. "पाच वर्षांत ग्रीन कार्ड मिळवून देतो" असे कुणी सांगत असेल, तर तो सरकारच्या हातातले आपल्या खिशात असल्यासारखे विकतो आहे.

या सगळ्यात मुख्य गोष्ट वेगळीच आहे. हा व्हिसा माणसाला दिलेला दिसतो, पण बांधलेला असतो संस्थेला. ज्या संस्थेने बोलावले तिथेच काम करायचे. दुसरीकडे जायचे तर त्या दुसऱ्या संस्थेने नव्याने अर्ज करून मंजुरी घ्यायची. इथल्या संस्थेने काढून टाकले, तर तिने चौदा दिवसांत सरकारला कळवायचे. म्हणजे मालक रागावला की नोकरीही गेली आणि देशात राहण्याचा आधारही गेला. चांगली संस्था असेल तर यात काही बिघडत नाही. पण संस्था वाईट निघाली तर? गावच्या पाटलाच्या वाड्यावर सालगडी म्हणून राबलेल्या आपल्या आजोबांना ही गाठ कशी असते, हे समजावून सांगावे लागले नसते.

हे आम्ही हवेत बोलत नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या रॉबिन्सव्हिल गावी स्वामिनारायण संप्रदायाच्या बीएपीएस संस्थेने दगडाचे प्रचंड अक्षरधाम मंदिर बांधले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ते बांधले जात असताना, ११ मे २०२१ रोजी अमेरिकेच्या एफबीआयचे अधिकारी तिथे पोहोचले आणि सुमारे नव्वद कामगारांना बाहेर काढले. त्याच दिवशी फेडरल कोर्टात काही कामगारांनी दावा दाखल केला. दाव्यात म्हटले होते की, दोनशेहून अधिक कामगारांना भारतातून याच आर-१ व्हिसावर आणले गेले आणि त्यांतले बहुतेक दलित होते.

दाव्यातले आरोप असे. कामगारांकडून न कळणाऱ्या इंग्रजी कागदांवर सह्या घेतल्या. आणल्यावर पासपोर्ट काढून घेतले. कुंपणाच्या आत, पहारेकऱ्यांच्या नजरेखाली ठेवले. सकाळी साडेसहापासून संध्याकाळी साडेसातपर्यंत दगड उचलणे, क्रेन चालवणे, खड्डे खणणे असली कामे करून घेतली. महिन्याला साधारण ४५० डॉलर दिले. त्यातले पन्नास हातात रोख, बाकीचे भारतातल्या खात्यात. तासाचा हिशेब केला तर एक डॉलर वीस सेंट. त्या वेळी न्यू जर्सीत किमान मजुरी तासाला बारा डॉलर होती. पुढे त्याच वर्षी दाव्यात अमेरिकेतल्या आणखी काही शहरांतल्या मंदिरांची नावे जोडली गेली.

संस्थेने हे सगळे आरोप नाकारले. हे कारागीर स्वेच्छेने सेवेला आले होते, असे तिचे म्हणणे. पुढे २०२३ मध्ये दावेदारांपैकी काही जणांनी माघार घेतली. २०२५ मध्ये सरकारी फौजदारी तपास कुणावरही आरोपपत्र न ठेवता बंद झाला. हेही वाचकांना सांगणे आमचे कर्तव्य आहे. आरोप म्हणजे शाबित गुन्हा नव्हे, आणि न्यायाधीशाच्या खुर्चीत बसण्याचा आम्हाला अधिकार नाही.

पण एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आम्हाला नक्की आहे. दगड घडवणारा, दगड वाहणारा माणूस मजूर की सेवक? मजूर असेल तर त्याला तासाचा हिशेब मागता येतो. सेवक म्हटले की हिशेब मागणे हेच पाप ठरते. आपल्या बापजाद्यांनी गावकीची कामे केली ती अशीच. मेलेले ढोर ओढले, दवंडी दिली, सांगावे पोहोचवले, आणि बदल्यात शिळी भाकर मागून खाल्ली. ती मजुरी नव्हती, तो 'धर्म' होता. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध लढा दिला तो याच कारणासाठी. कामाला काम म्हणा आणि त्याचा दाम द्या, एवढेच ते सांगत होते. सात समुद्रापलीकडे जाऊन आपल्या पोराने पुन्हा 'सेवा' या शब्दाखाली राबायचे का?

इंग्लंडचे थोडक्यात सांगतो, कारण तिकडेही आपली माणसे आहेत. तिथे दोन वेगळ्या वाटा आहेत. एक 'मिनिस्टर ऑफ रिलिजन', म्हणजे प्रवचन-संस्कार करणाऱ्या धर्मगुरूसाठी. त्याला इंग्रजी बऱ्यापैकी चांगले यावे लागते, परीक्षा असते, आणि पुढे कायमच्या वास्तव्याची वाट उघडू शकते. दुसरी 'टेम्पररी वर्क - रिलिजस वर्कर'. ती जास्तीत जास्त चोवीस महिन्यांची, धर्मगुरूच्या हाताखालच्या धर्मकामासाठी किंवा संघात राहणाऱ्यांसाठी. तिच्यातून कायमचे राहता येत नाही. पूर्वी या हलक्या वाटेने धर्मगुरूही नेले जात. २०१९ पासून ते बंद केले. दोन्हींसाठी बोलावणाऱ्या संस्थेकडे सरकारचे प्रायोजक लायसन असावे लागते आणि लायसन असलेल्या संस्थांची यादी सरकार सर्वांना पाहायला खुली ठेवते.

आता कुणी म्हणेल, मग हा व्हिसाच वाईट का? तसे मुळीच नाही. बहुजनांच्या हितासाठी दिशादिशांना चारिका करा, असे तथागतांनी पहिल्या भिक्खूंना सांगितले. सम्राट अशोकाने महिंद आणि संघमित्ता यांना सिंहलद्वीपाला पाठवले. नागपूरला १९५६ साली बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदन्त चंद्रमणी महास्थविर हे मूळचे ब्रह्मदेशाचे. धम्म सीमा ओलांडत आलेला आहे. आणि व्हिसाची मुदत काय असते, हेही आपल्या नागपूरने अनुभवले आहे. जपानहून आलेले भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई आपल्या माणसांत राहिले, राबले. व्हिसाची मुदत उलटली या कारणावरून १९८७ साली त्यांना परत पाठवण्याचा प्रयत्न झाला. तो फसला आणि त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. तेव्हा परदेशी भूमीवर एकट्या भिक्खूच्या मागे समाज उभा असणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आपल्या भिक्खूंना परदेशातल्या विहारांची निमंत्रणे येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. ज्या विहार समित्यांचे भन्ते जाणार असतील त्यांच्यासाठी चार शब्द. उपसंपदेचे प्रमाणपत्र, ज्या विहारात वर्षावास केला तिथली पत्रे, धम्मशिक्षणाचे दाखले हे सगळे नीट जपून ठेवावे. अनेक ठिकाणी भन्ते खरे असतात, पण दोन वर्षांचा पुरावा म्हणून दाखवायला कागद नसतो. भिक्खू पैसा हाताळत नाहीत, मग पगाराचा रकाना कसा भरायचा, असा प्रश्न पडतो. अमेरिकेच्या नियमात पगाराऐवजी निवास, भोजन, औषधपाणी अशा रूपानेही निर्वाह दाखवता येतो, पण तो विहार देणार हे पुराव्यानिशी दाखवावे लागते. आणि दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराचे प्रमाणपत्र घेऊन कुणी "मी भिक्खू" म्हणून अर्ज करू नये. शिबिर हा संस्कार आहे, आयुष्यभराची प्रव्रज्या नव्हे. तो फरक आपण पुसला तर उद्या खऱ्या भिक्खूवरही संशय येईल.

ज्या घरी असा कागद येईल, त्या घराने एजंटाला पाच गोष्टी विचाराव्यात. बोलावणाऱ्या संस्थेचे नाव आणि पत्ता काय? तिचा अर्ज मंजूर झाल्याचा सरकारी कागद, म्हणजे 'आय-७९७', कुठे आहे? काम नेमके कोणते आणि त्याचे लेखी पत्र मराठीत समजावून कोण देणार? पैसे किती, कुठे, कुणाच्या हातात मिळणार? आणि परदेशी नोकरीला माणसे पाठवण्याचे केंद्र सरकारचे नोंदणीपत्र तुमच्याकडे आहे का? व्हिसाची सरकारी फी काही शे डॉलरची असते, लाखांची नसते. न समजणाऱ्या कागदावर सही करू नये. पासपोर्टाची झेरॉक्स द्यावी, पासपोर्ट देऊ नये. भारताचा पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, एजंटाची किंवा मालकाची नव्हे. आणि मजुराला अडकवून ठेवण्यासाठी पासपोर्ट काढून घेणे हा अमेरिकेतही गुन्हा आहे. जे आधीच तिथे गेले असतील आणि अडकले असतील, त्यांनी १-८८८-३७३-७८८८ या क्रमांकावर फोन करावा. वेठबिगारीत आणि मानवी व्यापारात सापडलेल्यांना मदत करणारी ती तिथली हेल्पलाइन आहे.

राहिला बाईंचा दुसरा प्रश्न. सही करावी का? कायद्याचे उत्तर असे की, व्हिसासाठी महत्त्वाची खोटी माहिती दिल्याचे उघडकीस आले, तर त्या माणसाला अमेरिकेचे दार जवळजवळ जन्मभरासाठी बंद होते. एजंटाचे काही जात नाही, सही त्याची नसते. आणि आपले उत्तर तर सांगायलाच नको. ज्या प्रतिज्ञा आपल्या बापाने उन्हात उभे राहून घेतल्या, त्या चार लाखांत कागदापुरत्या परत करायच्या नसतात.

हे सगळे आम्ही आठ दिवसांनी बाईंच्या घरी जाऊन सांगितले. बाई ऐकत होत्या. पोरगा मात्र खाली मान घालून बसला होता. शेवटी बोलला, "काका, तुम्ही रेल्वेतून पेन्शन घेऊन बसलात. तुम्हाला सोपं आहे. मला इथं महिन्यातून पंधरा दिवस काम मिळतं. ठेकेदार दोन-दोन महिने पैसे अडकवतो. तिथं तासाला एक डॉलर तरी मिळेल. इथं कोण देतो?"

खरे सांगतो, आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही. त्याचे बोलणे खोटे नव्हते. आपण पोरांना "जाऊ नको" म्हणतो, तेव्हा "मग काय करू" या प्रश्नाची जबाबदारीही आपल्यावर येते. आम्ही त्याला एवढेच म्हटले, "बाबा, जायला कोण नको म्हणतो? बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले, ते स्वतःच्या नावावर, विद्यार्थी म्हणून गेले. तूही जा, पण कारागीर म्हणून जा. फरशीवाला असल्याचे लपवून नको."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघे त्याच्याबरोबर एजंटाकडे गेलो. ते पाच प्रश्न पोरानेच विचारले. दोनच विचारून झाले, तोवर एजंटाने टेबलाचा खण उघडून पासपोर्ट आणि दहावीचे मूळ गुणपत्रक समोर टाकले. वीस हजार मात्र "प्रोसेसिंगला गेले" म्हणाला. त्यासाठी पोलिसात लेखी तक्रार दिली आहे. मिळतील न मिळतील, तो पुढचा भाग.

विहार समितीने आता ठरवले आहे की, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर असे कागद वाचून दाखवायला वकील बांधव बसतील. कुणाकडून पैसे घेणार नाहीत. आणि ज्या ठेकेदाराने पोराचे दोन महिन्यांचे पैसे अडकवले आहेत, त्याच्याकडेही येत्या सोमवारी जायचे आहे. परदेशाच्या गोष्टीची सुरुवात तिथूनच झाली होती ना! तिथे पाच-दहा माणसे जास्त असली तर बरे. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी नऊला विहारापाशी यावे.

जयभीम. नमो बुद्धाय.